कॉलरच्या आतली मासोळी

कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर म्हणून लागले तेव्हा मला एक जाड वही मिळाली. पुढच्या बाजूने तिच्यात कामगारांच्या तक्रारी लिहायच्या. मागच्या बाजूने मी माझ्यासाठी लिहू लागले, कोण काय बोललं ते. वर्ष संपलं तेव्हा पुढची निम्मी पानं कोरी होती आणि मागून वही शिवणीपर्यंत भरली होती. माणसं तक्रार जपून करतात, बोलतात मात्र सढळ हाताने. ही पानं त्यातलीच. सगळी एकाच भानगडीची आहेत, आणि त्या भानगडीत माझा हात किती होता ते वाचता वाचता कळेलच.

*

स्वातंत्र्य येऊन पाचेक वर्षं झाली होती. विलायतेत समाजकार्याचं शिक्षण घेऊन मी नुकतीच परतले होते. देश घडवायचा हे बोटीवरच ठरलं होतं; कुठून सुरुवात करायची एवढंच बाकी होतं. सुरुवात ठाण्यातून झाली, कोपरीच्या बाजूला खोकल्याचं औषध बनवणाऱ्या एका कारखान्यातून.

पहिल्या दिवशी मॅनेजर पटवर्धनसाहेबांना विचारलं, "माझ्याकडून आपली अपेक्षा काय?"

"नवा कायदा आलाय," ते म्हणाले. "पाचशे माणसं झाली की वेल्फेअर ऑफिसर ठेवावा लागतो. आपली पाचशे तीन झाली."

"हो, पण मी काम काय करू?"

"बसा. दहा-वीस माणसं सोडून गेली तर कळवतो."

*

बसणं माझ्या स्वभावात नव्हतं. मी पॅकिंग डिपार्टमेंटमध्ये जाऊन उभी राहू लागले.

तिथे चाळीस बायका होत्या. औषधाचं काम, म्हणून लुगड्यावरून पांढरा कोट घालायची सक्ती. कोट कंपनीचे. दर आठवड्याला कल्याणचा धोंडिबा परीट ते धुऊन आणायचा आणि सोमवारी सकाळी टेबलावर ढीग पडायचा. ज्या बाईच्या हाताला जो लागेल तो तिचा.

यमुना भोईर ही त्यातली सगळ्यात नवी. कोपरीची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. चार महिन्यांत तिचा हात असा बसला होता की खोक्याकडे न बघता ती बाटली भरायची. घरातून कारखान्यात आलेली ती पहिलीच. अजून टेंपररी होती, दोनेक महिन्यांनी पर्मनंट होणार होती.

एका सोमवारी ती मला म्हणाली, "बाई, आज मना माज्या बाजूला बसते त्या शेवंताचा कोट मिलला. धुतला तरी दिसभर तिचा घाम माज्या नाकान. घरा गेले का सासू इचारते, कोनाच्या घरा जाऊन आलीस?"

त्या रात्री माझं रक्त उसळलं. स्वतंत्र देशातल्या कामगार बाईला निदान घाम तरी स्वतःचा मिळायला हवा. दुसऱ्याच दिवशी मेमो काढला: प्रत्येकीला स्वतःचा कोट, आणि कॉलरच्या आत स्वतःची खूण.

*

आकडे वाचता येणाऱ्या बायका थोड्या. म्हणून मी जाहीर केलं, "जिने तिने आपली खूण निवडावी."

सुपरवायझर फिलोमिनाबाई किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. त्यांनी क्रॉस घेतला. कोणी कोयता घेतला, कोणी तुळस.

शेवंता घाटावरची, खोपटला राहायची. डिपार्टमेंटमधली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात फटकळ. ती म्हणाली, "मला एक ठिपका. कोट घालायचाय, गोंदून घ्यायचं नाही."

यमुनेने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. शेवटी बोट पाण्यात बुडवून टेबलावर अख्खी मासोळी काढली. पर, शेपूट, डोळा.

"खवलं पन पायजेत," ती म्हणाली.

मी कागदावर खवलंही काढली.

*

कागद घेऊन धोंडिबा परटाला बोलावलं. साठीचा माणूस. त्याने कागद बराच वेळ पाहिला.

"खुना काढतो," तो म्हणाला. "पन आमी खालच्या कोपऱ्यात काढतो, बाई. आतल्या अंगानं. बापापासनं तसंच हाय."

"कोपऱ्यात नको. घडी उलगडत बसावं लागतं. कॉलरच्या आत काढा, मानेपाशी. विलायतेतल्या लाँड्रीत तिथेच असते."

"तिकडं घाम येतो का, बाई?"

मला हसू आलं. वहीच्या मागच्या बाजूला ते वाक्य लिहिलं आणि खाली शेरा मारला: म्हातारा गमत्या आहे.

*

पंधरा दिवसांत यमुनेची मान खाजू लागली. महिन्यात लाल झाली, सुजली, पुटकुळ्या आल्या, पाणी सुटू लागलं.

कारखान्याचे डॉक्टर लेले नौपाड्यातून आठवड्यातून तीनदा यायचे. त्यांनी लांबूनच पाहिलं.

"अ‍ॅलर्जी आहे. काय खातेस?"

"भाकर आनि सुकट."

"सुकट बंद."

यमुना म्हणाली, "डाक्टर, सुकट सोरला तं नवऱ्याला पन सोरावा लागंल. त्याच्या आंगाला तोच वास हाय."

तरी तिने सुकट सोडलं, आणि नवऱ्याला ठेवलं. मानेला काही फरक पडला नाही.

पटवर्धनसाहेबांना साबणाचा संशय आला. साबण बदलला. फरक नाही. माझा संशय कापडावर होता. मी भांडून यमुनेसाठी कोरा करकरीत कोट मिळवला आणि धोंडिबाला बजावलं, "हिची खूण जरा ठळक काढा. दुसऱ्या कोणाकडे जायला नको."

नव्या कोटाने आठ दिवसांत मान दुपटीने सुजली. रात्री तिला कुशीवर झोपता येईना. मी तिला धीर दिला, "आपण नक्की शोधून काढू."

"शोधा तुमी," ती म्हणाली. "पन आता मना आनखी काय नवीन देऊ नका."

*

त्या दिवसांत एक शब्द डिपार्टमेंटमध्ये कोणीच उच्चारत नव्हतं. महारोग. उच्चारायची गरजही नव्हती. यमुना नळावर गेली की नळ मोकळा व्हायचा. जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती दोन बायकांची जागा सुटायची, मग चार बायकांची.

पॅकिंगचं काम जोडीने चालायचं. एकीने बाटली खोक्यात घालायची, शेजारणीने कागद सरकवून झाकण लावायचं. यमुनेची जोडीदार शेवंता. एका गुरुवारी शेवंता उठली आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. संध्याकाळी पंधरा अंगठ्यांचा अर्ज पटवर्धनसाहेबांच्या टेबलावर आला. पहिला अंगठा शेवंताचा.

साहेबांनी मला बोलावलं. "हे बघा, मी वाईट माणूस नाही. पण ही बाई टेंपररी आहे, आणि तिच्याशेजारी कोणी बसत नाही. एकटीकडून खोकं होत नाही. सोमवारपर्यंत बघतो. कोणी बसलं तर ठीक, नाहीतर तिला थांबवावं लागेल."

मी हे यमुनेला सांगितलं तेव्हा ती खोकीच मोजत होती. हात थांबला नाही.

"मंग परत मिठागर," ती म्हणाली. "तिथं खार पायाला खाते, हितं मानेला. पाय झाकता येतान, एवराच."

*

शनिवारी दुपारी गेटवरून निरोप आला. एक म्हातारी आली आहे आणि म्हणते, वेल्फेअर कोण आहे तिला बाहेर पाठवा.

उंच खोचलेलं लुगडं, मिठाने काळे पडून भेगाळलेले पाय, हातात काठी. मला आपादमस्तक न्याहाळून ती म्हणाली, "मी यमुनेची सासू. माज्या सुनेला बिब्बा कोनी लावला?"

आता बिब्बा म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे काय यायचं? दारावरची लिंबू-मिरची, बाळाच्या गळ्यातला काळा दोरा, दृष्ट, करणी. ज्या अंधारातून देशाला बाहेर काढायला मी आले होते, तो अंधार काठी टेकत गेटपर्यंत चालत आला होता.

मी तिला सावलीत बसवलं. म्हटलं, "आजी, कोणी कोणाला काही लावत नसतं. कोणी कोणाला काही करू शकत नाही. कातडी म्हणजे काय, ते आधी समजून घ्या." आणि तिचीच काठी घेऊन मी जमिनीवर कातडीचे थर काढले. वरचा थर, मधला थर, घामाच्या ग्रंथी. गेटवरचा पहारेकरीसुद्धा येऊन उभा राहिला.

म्हातारीने सगळं शांतपणे ऐकलं.

"झाला तुजा?"

"हो."

"आता तिचा कोट दाखव."

मी कोट आणला. तिने कॉलर उलटी केली, आतल्या काळ्या मासोळीवर नख घासलं आणि वास घेतला.

"ही परटाची खून. बिब्ब्याच्या रसान काडतान, वरशी चुना लावतान. धुतली तरी जाय नाय. आनि आंगाला लागली का उतते, पुटकुल्या येतान. माजी आय गुडगा दुकला तं बिब्बा लावायची, पन हात लावायची नाय, कारीन धरायची."

मी त्या मासोळीकडे बघत राहिले. ती शाई आहे असं मी धरून चालले होते. शाई कशाची, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. बिब्बा अंगावर उततो हे आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या मोलकरणीनेही सांगितलं असतं. पण त्यासाठी आधी कोणाला तरी विचारायला हवं होतं.

म्हातारीने कोट हातभर लांब धरून पुन्हा पाहिला.

"आनि केवरी मोठी काडलीस गो? मासोळी हाय का मगर?"

*

त्याच दुपारी बायकांच्या खोलीत मी एकेकीची मान बघायला सुरुवात केली. तुळशीवाल्या बाईची मान लाल. कोयतेवालीची लाल. यमुनेची गत बघून सगळ्या जणी पदर वर ओढून गप्प बसल्या होत्या. खूण जेवढी मोठी, तेवढी मान वाईट. मासोळी सगळ्यांत मोठी.

फिलोमिनाबाई काही केल्या दाखवेनात. शेवटी त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि पाठ केली. मानेवर पावडरीचा थर होता. रुमालाने पुसला. खाली लालबुंद क्रॉस, अगदी रेखीव.

"किती दिवस झाले?"

"दीड महिना. फक्त फादरना सांगितलं."

"का?"

त्या जरा लाजल्या. "मला वाटलं, देवाने निवडलं."

"फादर काय म्हणाले?"

"म्हणाले, प्रार्थना कर आणि डॉक्टरला दाखव. मी प्रार्थना केली." त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे हा त्या परटाने केला?"

"परटाने नाही. कॉलरमध्ये काढायला मी सांगितलं होतं."

"ते तर त्याहून वाईट," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

शेवंता तेवढी राहिली होती. तिला म्हटलं, अंबाडा जरा वर कर. तिने अंबाड्यावर हात ठेवला तो काढलाच नाही.

"मला काही झालं नाही. आणि लग्नात सासरच्यांनी बघितली नाही एवढी मान तुम्हाला कशाला बघायची?"

*

पटवर्धनसाहेबांना सगळा प्रकार सांगितला. त्यांनी तिथल्या तिथे धोंडिबा परटाला काढून टाकायचा हुकूम लिहायला घेतला.

मी माझ्या मेमोची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली. "‘इनसाइड द कॉलर.’ इंग्रजी उत्तम आहे." मग सही पाहिली. हुकुमाचा कागद फाडला.

"विलायतेला तुम्हाला कोणी पाठवलं?"

"वडिलांनी."

"डोंबिवलीलाच असतात ना? यातलं त्यांना काही कळवू नका."

मला हायसं वाटलं. मी डॉक्टर लेल्यांकडून लगेच लिहून घेतलेलं सर्टिफिकेटही पुढे केलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, महारोग नाही, संसर्ग नाही, बिब्ब्याचा दाह.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "मला पटलं. पण बाकावर मी बसत नाही." कागद परत देत म्हणाले, "सोमवार म्हणजे सोमवार."

*

रविवारी कल्याणला गेले. धोंडिबा तळ्यावर होता. मी माफी मागितली. पण मनात एक सल होताच, तोही बोलून टाकला.

"तुम्हाला ठाऊक होतं, मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की."

"तुम्ही फक्त विचारलंत, तिकडे घाम येतो का."

"तेच सांगनं," धोंडिबा म्हणाला. "बिब्बा सुका असंल तर गप ऱ्हातो. घामानं जागा होतो." त्याने ओला कोट दगडावर ठेवला. "परटानं गिऱ्हाइकाला याच्याहून जास्त सांगू नये. आमी समद्यांची कापडं आतून बघतो, बाई. बोलाय लागलो तर गाव चालायचं न्हाई."

त्याची बायको तोवर चाळीस कॉलर उसवत बसली होती.

*

सोमवारी सकाळी सगळ्या बायकांना जमवून मी एका लाकडी खोक्यावर उभी राहिले आणि बोलले. बिब्बा, चुना, घाम, कातडी, सगळं सांगितलं. चूक माझी होती हे सांगितलं. सर्टिफिकेट वाचून दाखवलं. इतकं चांगलं भाषण मी त्याआधी केलं नव्हतं आणि नंतरही मला जमलं नाही.

"समजलं का?"

"समजलं," सगळ्या म्हणाल्या.

आणि जाऊन आपापल्या जागी बसल्या. यमुना तिच्या जागी. तिच्याशेजारची जागा रिकामी.

काचेपलीकडे पटवर्धनसाहेब उभे होते. मी कोट चढवला आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले.

"बाई, तुमाला जमंल?" यमुनेने हळूच विचारलं.

"तू भर. मी कागद सरकवून झाकण लावते."

ऐकायला सोपं आहे. कागदाची घडी बाटलीच्या मागून जावी लागते, लेबल समोर राहावं लागतं, झाकणाची जीभ आत जावी लागते. माझा कागद चुरगळायचा. बाटली तिरकी व्हायची. जीभ फाटायची. फिलोमिनाबाई एकेक खोकं उघडून परत माझ्यापुढे ठेवत होत्या. यमुनेच्या भरलेल्या खोक्यांची रांग वाढत माझ्या कोपरापर्यंत आली. मग मला दिसलं की तिने हात हळू केलाय. मला गाठता यावं म्हणून. ज्या हाताच्या वेगावर ती पर्मनंट होणार होती, तो हात ती माझ्यासाठी, साहेबांच्या देखत, आवरून धरत होती.

मी घाई केली. आणखी दोन खोकी फाटली. कोणी हसलं नाही. चाळीस बायकांच्या त्या खोलीत फक्त माझ्या खोक्यांचा आवाज येत होता.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला हालचाल झाली. चपला फरफटत माझ्या मागे येऊन थांबल्या.

"बाई, उठा," शेवंता म्हणाली.

"का?"

"बघवत नाही. बाटल्या तिरक्या लावताय. कागदाचा बोळा करताय. ही माझी जागा आहे, उद्या माल परत आला तर नाव माझं जाईल."

मी उठले.

शेवंताने पदराचं टोक हातात घेतलं आणि बसायच्या आधी बाक नीट पुसला, मी बसले होते तिथे. मग बसली, सरकत सरकत यमुनेच्या गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत गेली, आणि समोरच्या रांगेवरची नजर न हलवता म्हणाली,

"चल गं, भर. किती हळू करतेस?"